चार सेकंदांचा चेहरा

हिंगोलीत एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत एक फोटो स्टुडिओ आहे. तिथे मी सहा वर्षांपासून लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करते. मिक्सिंग म्हणजे दोन दिवसांचं लग्न तीन तासांत बसवायचं, मामाचा रुसवा कापायचा, पंगतीत कुणी नाक पुसत असेल तर तेवढा तुकडा काढायचा, आणि मुख्य म्हणजे नवरीला गोरी करायची. हे शेवटचं काम कुणी वेगळं सांगत नाही. ते चहातल्या साखरेसारखं धरूनच चालतात. संगणकावर एक पट्टी असते, ती उजवीकडे ओढली की चेहरा उजळतो. माझ्या हाताला तिची इतकी सवय आहे की घरच्यांचे फोटोही मी न विचारता उजळून टाकते. आईने एकदा स्वतःचा फोटो बघून मला विचारलं होतं, “ही कोन हाय गं?”

ती पहिल्यांदा आली ती पोलीस भरतीच्या अर्जासाठी पासपोर्ट फोटो काढायला. डोंगरकड्याजवळच्या एका बंजारा तांड्यावरची मुलगी. हिंगोलीत खोली करून राहायची, सकाळी मैदानावर पळायची, दुपारी अभ्यासिकेत बसायची. अंगात ट्रॅकसूट, बुटांवर धूळ. ती काळी होती. लग्नाच्या बायोडाटात सावळी, गव्हाळ वगैरे लिहितात तसली नाही. काळीच, आणि उन्हात पळून आणखी झालेली. मी फोटो काढला, पट्टी ओढली, आठ प्रती छापल्या, कापल्या आणि तिच्या हातात दिल्या. तिने एक प्रत बराच वेळ न्याहाळली.

“मॅडम, हा माझा फोटो न्हाई.”

“तुमचाच हाय की.”

“मग मी कोन हाय? मैदानावर साहेब हॉल तिकीट पाहतील आन् म्हनतील, जा, तुझ्या गोऱ्या बहिनीला घेऊन ये.”

आतून मालक म्हणाले, “चांगला तर आलाय फोटो.” ती शांतपणे म्हणाली, “चांगला हाय, पन माझा न्हाई.”

मी पट्टी शून्यावर आणून पुन्हा छापला. किती दिवसांनी मी एखादा चेहरा आहे तसा कागदावर उतरलेला पाहिला. मला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग ती मला आवडली. इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी मी उगाचच मैदानावरच्या वाटेने कामाला गेले. ती वाट माझ्या रस्त्यात येत नाही.

पुढे ती दुपारी स्टुडिओत यायला लागली. मालक जेवायला घरी गेले की दीड-दोन तास दुकानात कुणी नसायचं. ती प्लास्टिकच्या स्टुलावर बसायची आणि मी उजळलेल्या नवरींना नावं ठेवायची. “ह्या बाईला तू आजारी करून टाकलं,” म्हणायची. तिच्यामुळे मला पहिल्यांदाच प्रश्न पडला की काळ्या चेहऱ्यावर उजेड टाकायचा कसा. उजळ करायला मला येत होतं, उजेड टाकायला नाही. म्हणून एका दुपारी मी इंटरनेटवर ते शोधायला बसले, आणि शोधता शोधता एक छोटा पिक्चर हाती लागला.

बारा-तेरा मिनिटांचा असेल. परदेशातल्या दोन काळ्या बायका, एक अडचणीचं स्वयंपाकघर. एकीला कामावर जायला उशीर झालाय आणि दुसरी तिचा युनिफॉर्म इस्त्री करतेय. दोघी भांडतात, कशावरून ते आम्हाला इंग्रजीतून नीट कळलं नाही. मग कामावर जाणारी शर्ट घालते, इस्त्री करणारी तिची बटणं लावते, आणि दारात दोघी एकमेकींच्या तोंडावर तोंड ठेवतात. रोज ठेवत असतील तसं, घाईत. संपला पिक्चर. कुणी मेलं नाही, कुणाला पकडलं नाही. शेवटी तो बनवणारी बाई बोलली. तीही काळी, तीही बायकांवर प्रेम करणारी. मावशीचं घर, उसना कॅमेरा, मैत्रिणींना धरून केलेलं काम. तिच्या बोलण्यातून एवढं समजलं की असल्या गोष्टी करायला तिला कुणी दारात उभं केलं नव्हतं, म्हणून तिने स्वतःच केल्या.

मग ती म्हणाली, “परत लाव.”

त्यानंतर आम्ही तसले किती पिक्चर पाहिले याचा हिशोब नाही. सगळे छोटे, सगळे घरगुती, कुणाचा आवाज घुमणारा, कुणाचा कॅमेरा हलणारा. काळ्या लेस्बियन बायकांनी स्वतःच्या गोष्टी स्वतः केलेल्या. लेस्बियन हा शब्द तिने त्या स्टुलावर बसून पहिल्यांदा तोंडाने उच्चारला, आणि दाराकडे बघितलं. मी एकदा शहाणपणा करायला गेले. म्हटलं, त्यांचं काळं असणं वेगळं, तिथे माणसं विकली गेली, तो इतिहास आपला नाही. ती म्हणाली, “मला इतिहास म्हाईत न्हाई. पन त्या बाईच्या गालावर खिडकीचा उजेड कसा पडला ते पाह्य. माझ्यावर असा उजेड कुनी टाकलाच न्हाई.”

मी कुरुंद्याची, हळद पिकवणाऱ्या घरातली, रंगाने अशी की मला कुणी गोरी म्हणत नाही आणि काळीही म्हणत नाही. मला कधी कुणी फोटोतून पुसलं नव्हतं. पुसणाऱ्यांत मात्र मी होते.

माझं तिच्यावर प्रेम होतं आणि तिचं माझ्यावर होतं. हे एवढं साधं वाक्य मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. तिच्या खोलीवर रविवारी मी तिच्या पोटऱ्यांना बाम चोळून द्यायचे, ती सामान्य ज्ञानाचे प्रश्न मोठ्याने वाचायची आणि मी चुकीची उत्तरं द्यायचे. शेजारच्या खोलीतल्या मुली म्हणायच्या, तुमचं लई जमतं बाई. जमायचंच.

पिक्चर करायचं तिने काढलं. गोष्टही तिचीच.

“आमच्यात नवरीला रडाया शिकवतात,” ती म्हणाली. “लगनाच्या आधी म्हाताऱ्या बाया घेऊन बसतात. गळ्यात कसं पडायचं, दम कुठं घ्यायचा, सूर कुठं लांबवायचा.”

त्याला ढावलो म्हणतात. सासरी निघताना नवरी एकेका बाईच्या गळ्यात पडते आणि गाऊन रडते. शब्द बरेचसे तिचे तिनेच जुळवायचे, पण सुरुवात नात्याच्या हाकेने करायची. आईला याडी म्हणून हाक, मग मावशी, भावजय, बहीण. हाक मारल्याशिवाय रडणं सुरू होत नाही. आता पुष्कळ तांड्यांवर डीजेच्या आवाजात हे बुडून गेलंय, तिच्याकडे अजून चालतं. ती म्हणाली, एका बाईने दुसऱ्या बाईला चारचौघांत घट्ट धरावं आणि कुणी काही म्हणू नये, असा तेवढाच वेळ असतो.

तिची गोष्ट अशी होती. उद्या लग्न असलेली मुलगी मैत्रिणीजवळ रडण्याची तालीम करते. मैत्रीण आधी आई होते, मग मावशी, मग भावजय, आणि दोघी हसून हसून बेजार होतात. शेवटी मैत्रीण म्हणते, आता मी माझीच. नवरी हात पसरते, दम घेते, आणि हाक कोणती मारायची ते तिला कळत नाही. बहीण म्हटलं तर ते खोटं रडणं होईल. दम तसाच छातीत राहतो, आणि पिक्चर तिथे संपतो.

आम्ही तो कुरुंद्याला आमच्या शेतातल्या खोलीत केला. हळद शिजवायचे दिवस होते, सगळी माणसं कढईपाशी, खोलीकडे कुणी फिरकत नव्हतं. माझा मोबाइल, स्टुडिओतून आणलेला स्टँड, एक खिडकी, आणि उजेड परतवायला आईची पितळी परात. परात खिडकीसमोर तिरकी धरली तेव्हा तिच्या गालाच्या हाडावर उजेड आला, आणि तिथला काळा रंग असा चमकला की मी रेकॉर्डिंगचं बटण दाबायची विसरले. नवरी ती झाली, मैत्रीण मी. सुरू करण्याआधी ती म्हणाली, “एकच सांगते. मला गोरी करायची न्हाई.”

“वेडी हायेस का,” मी म्हटलं. “त्याच्यासाठीच तर करून राहिलो ना आपन.”

आणि तरी मी ते केलं. मुद्दाम नाही, हाताने केलं. जोडणीला बसले, तुकडे लावले, आवाज साफ केला, आणि कुठेतरी मध्येच, लग्नाच्या कामासारखी, पट्टी ओढून बसले. ती शेजारी स्टुलावर होती. माझ्या लक्षात यायच्या आधी तिच्या आलं.

“तू बी?” एवढंच म्हणाली.

मी पट्टी शून्यावर आणली, माफी मागितली, हाताला शिव्या दिल्या. तिने माझा हात माउसवरून उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. “शप्पथ घे. कदीच न्हाई करनार.” मी शपथ घेतली. त्या वेळी मला वाटलं, याच्यापेक्षा सोपं काय असणार.

नऊ मिनिटांचा पिक्चर झाला. असल्याच पिक्चरांचा एक छोटा महोत्सव एका मोठ्या शहरात भरतो, तिथे पाठवला, आणि आम्ही विसरूनही गेलो. महिन्या-दीड महिन्याने मेल आली की निवड झाली. वेबसाइटवर टाकायला एक फोटो हवा, दोघींची नावं हवीत. डेपोसमोर उभं राहून आम्ही कचोरी खाल्ली आणि मोठ्या पडद्यावर तिचा चेहरा केवढा दिसेल ते हातांनी मोजत राहिलो.

त्याच आठवड्यात भरतीचा निकाल लागला. पळण्यात ती पुढे होती, गोळाफेकीत गुण गेले. घरच्यांनी दोन वर्षं दिली होती, ती संपली. पुसदकडचं स्थळ आलं, गूळ वाटला गेला आणि सोयरीक पक्की झाली. हे मला तिने फोनवर सांगितलं, बाजारात टमाटे महागले असं सांगावं त्या आवाजात.

नंतर ती स्टुडिओत आली ती स्टुलावर बसली नाही. उभ्या उभ्या म्हणाली, “तो पिच्चर काढून टाक. महोत्सववाल्यांना न्हाई म्हन.”

मी चिडले. माझा स्वभाव मुळात चिडका, आणि त्या दिवशी मी त्याला मोकळं सोडलं. नको ते बोलले. म्हटलं, “त्या तिकडच्या बायांनी करून दाखवलं, तुला काहून जमत न्हाई?”

“त्यांना नंतर काय काय झालं ते पिच्चरमधी कुठं दाखवलं?” ती म्हणाली. “घरच्यांचं मला भेव न्हाई. त्यांना काय पाहिलं तेच कळनार न्हाई. पन तिकडं नवऱ्या मुलाचा भाऊ मोबाइलमधला लई हुशार हाय. त्याला कळंल.”

“मग लगनच काहून करून राहिली?”

या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. तिच्या मागे दोन बहिणी होत्या, आणि माझ्यापाशी तिला न्यायला एक भाड्याची खोली सोडून काही नव्हतं. मी तिला चल म्हटलं नाही. हे मला रोज आठवतं. ती कदाचित नाही म्हणाली असती, पण मी म्हटलंच नाही.

माझ्या शेजारी उभी राहून तिने पिक्चर काढायला लावला. जोडलेला, न जोडलेला, मोबाइलमधला, मेलमधला. महोत्सवालाही नाही म्हणून कळवलं. मग म्हणाली, “आता कचऱ्याचा डब्बा बी रिकामा कर.” तोही केला. मैदानाजवळ काढलेले चार-दोन फोटो होते, ते गेले. “माझं काहीच ठेवायचं न्हाई तुझ्यापाशी. शप्पथ घे.” ही दुसरी शपथ. मी तीही घेतली.

लग्नाचं काम आमच्याच स्टुडिओला आलं. डोंगरकड्याच्या बाजूचं काम आमच्याकडेच येतं, त्यात काही योगायोग नाही. बायकांच्या कार्यक्रमासाठी बाई पाहिजे म्हणाले, आणि कॅमेरा धरणारी बाई स्टुडिओत मी एकटीच. आजारी आहे म्हणून सांगता आलं असतं. पण मला तिला बघायचं होतं.

निघायच्या वेळी म्हाताऱ्यांनी डीजे बंद करायला लावला. बायकांचं कडं झालं. तिने आईच्या गळ्यात पडून हाक मारली आणि सूर लावला. शेतातल्या खोलीत हाच सूर लावून आम्ही हसलो होतो. ती एकेकीपाशी जात होती, हाक मारत होती, रडत होती. पार्लरवालीने सकाळी दोन तास खपून चोपडलेला गोरेपणा पंधरा-वीस बायकांच्या खांद्यांवर आणि पदरांवर उतरत गेला. त्याच कड्यात मी कॅमेरा घेऊन उभी होते. माझ्यापर्यंत ती आली तेव्हा चेहरा पुरता धुऊन निघाला होता. तिचा स्वतःचा चेहरा होता तो.

ती माझ्यासमोर थांबली. दोन्ही हात उचलून पुढे आली. मी कॅमेरा खाली ठेवायला हवा होता. एवढंच करायचं होतं, वाकून कॅमेरा सतरंजीवर ठेवायचा. कुणाला त्यात वावगं वाटलं नसतं, हिंगोलीची मैत्रीण म्हणून सगळ्यांना माहीतच होते. पण कॅमेरा ठेवला असता तर मी जशी रडले असते तशी मैत्रीण रडत नाही, आणि ते सगळ्यांना दिसलं असतं. मी घाबरले. मी डोळा कॅमेऱ्यालाच लावून ठेवला. तिचा चेहरा मोठा होत होत पूर्ण चौकटीत भरला, तोंड उघडलं, तिने दम घेतला, आणि हाक आली नाही. मग कुणा म्हातारीने तिला दंडाला धरून पुढच्या बाईकडे वळवलं.

ते लग्न मिक्सिंगला माझ्याकडेच आलं. दुसऱ्या कुणाला मी देऊ दिलं नसतं. पहिली शपथ मी पाळत होते, मी पट्टीला हात लावला नाही. व्हिडिओ पुसदला पाठवला आणि आठ दिवसांत तिच्या दिराचा फोन आला, बोलायला अगदी अदबीचा. “ताई, समदं चांगलं झालं, पन वहिनी लई काळ्या आल्या. आमच्याकडं पाव्हन्यांना दाखवायचं हाय. बाकीच्या नवऱ्या करता तसं बराबर करून द्या.” मालकांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “तू विसरली कशी?”

मालकांसमोर मी पट्टी ओढली. आता नवं सॉफ्टवेअर आहे, ते चेहरा ओळखून आपलं आपण उजळत जातं. तीन तासांच्या लग्नात तिला गोरी करायला त्याला चहा पिण्याइतका वेळ लागला. मी स्वतःला सांगितलं, हे मशीनने केलं.

पण एक तुकडा राहिला. ती कॅमेऱ्याजवळ आली तिथे चेहरा इतका मोठा झाला होता की हनुवटी आणि कपाळ चौकटीबाहेर गेलं होतं. सॉफ्टवेअरला तो चेहरा आहे हेच कळलं नाही. चार सेकंद ती जशी आहे तशी राहिली. मी ते पाहिलं आणि कुणाला काही न बोलता तसंच पाठवून दिलं. ते चार सेकंद त्यांच्या घरात, त्यांच्याच टीव्हीवर, तिच्या खऱ्या रंगात राहतील आणि कधीतरी तिला दिसतील, या विचाराने मी दोन दिवस पोटभर जेवले.

दिराला ते दिसलं. “ताई, बिदाईत एका ठिकानी वहिनी एकदम काळ्या पडल्या. तेवढं उजळा, न्हाई जमलं तर कापून टाका.”

कापलं असतं तर माझी शपथ राहिली असती. पण तिने माझ्याकडे पसरलेले हात गेले असते, तो दम गेला असता, आणि ती माझ्यापाशी आली होती हेच गेलं असतं. मी बरोबर केलं की चूक ते मला आजही ठरवता येत नाही. चार सेकंदांत शंभर फ्रेम असतात. सॉफ्टवेअर ओळखत नव्हतं म्हणून एकेक फ्रेम हाताने करावी लागली. गाल, नाकाच्या कडा, ओठांभोवतीचं, डोळ्यांखालचं. त्या गालाच्या हाडावर मी परातीने उजेड टाकला होता. मला तिचा चेहरा इतका पाठ होता की कुठे किती घासायचं हे बघावं लागत नव्हतं. शंभर वेळा मी तिला माझ्या हाताने गोरी केली. या वेळी मशीनचं नाव सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला, “आता बराबर आल्या वहिनी. थँक्यू ताई.” काम पसंत पडलं की मूळ रेकॉर्डिंग आम्ही ठेवत नाही, पुढच्या लग्नांना जागा लागते. तिचा खरा चेहरा आता तेवढ्यातच उरला होता, आणि काहीच ठेवायचं नाही अशी मी शपथ घेतलेली होती. मालक जेवायला निघताना म्हणाले, “पुसदवाल्यांचं काढून टाक गं.” ते गेल्यावर मी ते काढून टाकलं, आणि कचऱ्याचा डबाही रिकामा केला.